ताण कोणाचा, ताबा कोणाचा?

कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून 'ताणमुक्ती'ची शिबिरे भरविण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. एखादा तज्ज्ञ येतो, दीर्घ श्वसन शिकवितो, सकारात्मक विचारांचे महत्त्व सांगतो आणि तासाभराने कामगार पुन्हा यंत्रापाशी किंवा संगणकापाशी जाऊन बसतो. यंत्राचा वेग तोच असतो, पाळी तीच असते, वरिष्ठांचा धाकही तोच असतो. बदलायचे असते ते फक्त कामगाराचे मन. ताण हा जणू मनाचा दुबळेपणा आहे आणि तो ज्याचा त्याने आवरावा, असा ह्या साऱ्या खटाटोपाचा अर्थ होतो. दीर्घ श्वसनाने कोणाला बरे वाटत असेल तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु ताण शरीरात कसा उतरतो आणि कोणाच्या शरीरात तो अधिक काळ मुक्काम करतो, ह्याविषयी गेल्या शंभर वर्षांत शरीरशास्त्राने जे ज्ञान मिळविले आहे, ते अशा शिबिरांत क्वचितच सांगितले जाते. कामगार चळवळीने मात्र ते समजून घेतले पाहिजे. कारण ते ज्ञान अखेर कामाच्या ठिकाणच्या सत्तेच्या प्रश्नापाशी येऊन थांबते.

संकटकाळची व्यवस्था

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. संकट समोर येताच मज्जातंतूंवाटे त्यांना इशारा मिळतो आणि त्यांच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक, म्हणजेच हॉर्मोन, काही क्षणांत रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, यकृत साखर मोकळी करते, पचन मंदावते आणि रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन ह्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भय, भूक, वेदना आणि संताप ह्यांच्या प्रसंगी होणाऱ्या ह्या बदलांची संगती लावली. त्यांचा निष्कर्ष असा की ही सारी सिद्धता झुंज देण्यासाठी किंवा पळ काढण्यासाठी असते.

ह्या पहिल्या लाटेमागून दुसरी, संथ परंतु अधिक काळ टिकणारी लाट येते. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस नावाचा भाग शेजारच्या पोष ग्रंथीला, म्हणजेच पिट्युटरीला, रासायनिक निरोप धाडतो. पोष ग्रंथी आपले संप्रेरक रक्तात सोडते आणि ते अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचले की त्यांच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल स्रवू लागते. ते रक्तातील साखर टिकवून धरते, रक्तदाब सावरते आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला काबूत ठेवते. ह्या साखळीची सर्वांत महत्त्वाची कडी शेवटची आहे. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की तेच मेंदूपर्यंत पोहोचून पुढचा स्राव थांबविण्याचा इशारा देते. म्हणजे गजर वाजविण्याची आणि तो बंद करण्याची, अशी दुहेरी सोय निसर्गाने करून ठेवली आहे.

तेव्हा कॉर्टिसॉल हा शरीराचा शत्रू आहे, ही आजकाल पसरविली जाणारी समजूत चुकीची आहे. १८५५ साली टॉमस अ‍ॅडिसन ह्या इंग्रज वैद्याने अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचे वर्णन केले. असा रुग्ण उपचारांविना साध्या तापानेही दगावू शकतो. कॉर्टिसॉलशिवाय माणूस जगू शकत नाही. निरोगी माणसात ते पहाटेनंतर सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी कमी होते. दिवसाच्या कामाची आणि रात्रीच्या विसाव्याची ती लय आहे. तेव्हा 'कॉर्टिसॉल घटविणारी' चूर्णे आणि गोळ्या विकणाऱ्यांचा धंदा मूळ प्रश्नाला बगल देऊनच चालतो.

मूळ प्रश्न आहे तो गजर बंद न होण्याचा. वाघ दिसला आणि माणूस निसटला, की अर्ध्या-एक तासात शरीर पूर्वपदावर येते. परंतु नोकरी उद्या राहील की नाही, कर्जाचा हप्ता भरता येईल की नाही, यंत्राच्या वेगाशी हात जुळतील की नाही, ह्या भयांपासून पळही काढता येत नाही आणि त्यांच्याशी एकट्याने झुंजही देता येत नाही. स्नायूंसाठी मोकळी केलेली साखर खर्ची पडत नाही. रक्तदाब वारंवार चढत राहतो, पोटाभोवती चरबी साचते, झोप विस्कटते, रोगप्रतिकारशक्ती खालावते. काही काळाने कॉर्टिसॉलची लयच बिघडते; सकाळी ते पुरेसे चढत नाही आणि रात्री पुरेसे उतरत नाही. ब्रूस मॅकीवेन आणि एलियट स्टेलर ह्या संशोधकांनी १९९३ साली ह्या साचत जाणाऱ्या झिजेचा सिद्धांत मांडला. परिस्थितीशी जुळवून घेण्याची किंमत शरीर दररोज थोडी थोडी चुकती करते आणि ती हिशेबात धरली जात नाही, असे त्याचे सार सांगता येईल.

सोयीचे विज्ञान

'ताण' हा शब्द वैद्यकात रुजविण्याचे श्रेय हान्स सेल्ये ह्यांना दिले जाते. १९३६ साली मॉन्ट्रिऑल येथे काम करीत असताना त्यांना आढळले की उंदरांना कोणत्याही प्रकारची इजा केली, मग ती थंडीची असो वा विषारी द्रव्याची, तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखा असतो: अधिवृक्क ग्रंथी फुगतात, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. हे निरीक्षण मोलाचे होते. परंतु त्याच सेल्ये ह्यांना पुढे सिगारेट कंपन्यांनी पैसा पुरविला आणि धूम्रपान हा ताण हलका करण्याचा एक उपाय आहे, असा युक्तिवाद त्यांच्या नावाने पुढे आला. अमेरिकेतील खटल्यांमुळे ह्या कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली तेव्हा हा व्यवहार जगापुढे आला. सेल्ये ह्यांचे उंदीर त्यामुळे खोटे ठरत नाहीत. परंतु ताणाच्या शास्त्रात कोणता प्रश्न विचारला जातो आणि कोणता टाळला जातो, ह्यावर पैशाची छाया पडते, हे ध्यानात ठेवावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९५८ साली जोसेफ ब्रॅडी ह्यांनी माकडांच्या जोड्यांवर प्रयोग केला. जोडीतील एका माकडाच्या हाती कळ होती. ती वेळेवर दाबली तर दोघांचाही विजेचा धक्का टळे. दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हते. कळ हाती असलेल्या माकडांच्या पोटात व्रण होऊन ती मेली, दुसरी बचावली. ह्या 'अधिकारी माकडां'ची कथा जगभर गाजली. जबाबदारीच्या ओझ्याने खरा झिजतो तो वरिष्ठ, हाताखालचा माणूस निर्धास्त असतो, असा तिचा बोध काढण्यात आला. प्रयोगात मात्र मोठी खोट होती. जी माकडे कळ दाबण्यास चटकन शिकली त्यांनाच 'अधिकारी' नेमले होते. म्हणजे मुळातच अधिक चंचल प्राणी एका बाजूस गेले होते. पुढे जे वाइस ह्यांनी उंदरांवर अधिक काटेकोर प्रयोग केले तेव्हा निष्कर्ष उलटा निघाला. धक्के दोघांनाही सारखेच बसत असता, ज्याच्या हाती ते टाळण्याचा उपाय होता त्याला व्रण कमी झाले आणि जो असहाय होता त्याला अधिक झाले. धक्क्यापूर्वी इशारा मिळाला तरीही अपाय कमी होई. म्हणजे अपाय केवळ धक्क्याचा नव्हे. तो बेभरवशाचा आणि बेताबा असण्याचाही आहे.

व्हाइटहॉलची उतरंड

उंदरांवरून माणसांविषयी एकदम अनुमान काढणे धाडसाचे होईल. परंतु माणसांचा पुरावाही उपलब्ध आहे आणि तो ब्रिटनच्या सरकारी कचेऱ्यांतून आला आहे. १९६७ साली लंडनमधील साडेसतरा हजारांहून अधिक पुरुष सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली तिचे निष्कर्ष मांडले. सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे साडेतीन पट होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ह्यांचा हिशेब केल्यावरही ह्या फरकाचा बराच मोठा भाग उलगडत नव्हता. शिवाय ही दरी केवळ टोकाच्या दोन गटांत नव्हती. श्रेणी एक पायरी खाली उतरली की मृत्यूचे प्रमाण एक पायरी वर चढे.

ह्या पाहणीतील माणसे उपाशी नव्हती. त्यांची नोकरी कायम होती आणि औषधोपचार राष्ट्रीय आरोग्यसेवेतून मोफत होते. मग ही उतरंड कशाची? १९८५ साली दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची दुसरी पाहणी सुरू झाली. १९९७ साली तिच्या निष्कर्षांतून असे दिसले की आपल्या कामावर आपला ताबा किती, काम कसे आणि केव्हा करावे हे ठरविण्यास वाव किती, हा घटक ह्या फरकाचा फार मोठा हिस्सा स्पष्ट करतो. ह्याच पाहणीतील माणसांच्या लाळेतील कॉर्टिसॉलचे मोजमाप झाले तेव्हा, ज्यांची दिवसभराची लय सपाट झाली होती त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असल्याचे २०११ साली नोंदले गेले. कामाच्या ठिकाणची उतरंड रक्तातील रसायनांपर्यंत कशी झिरपत असावी, ह्याचा हा एक धागा आहे.

समाजवादी कार्यकर्त्यांनी ह्यातून एक कटू बोधही घ्यावयास हवा. व्हाइटहॉलच्या कचेऱ्या खाजगी मालकाच्या नव्हत्या. मालकी सरकारी झाली म्हणजे कामगाराच्या शरीरावरील भार आपोआप उतरतो, असे नाही. हुकूम वरूनच सुटत असेल आणि खालच्याला विचारण्याची पद्धतच नसेल, तर खुर्चीवर कोण बसला आहे ह्याने अधिवृक्क ग्रंथींना फारसा फरक पडत नाही. उत्पादनाच्या साधनांच्या मालकीबरोबर कामाच्या प्रक्रियेतील लोकशाही हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याकडे चळवळीचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

स्वीडनमध्ये ते काही प्रमाणात गेले. मारियान फ्रांकेनहॉयझर आणि बर्टिल गार्डेल ह्यांनी १९७६ साली तेथील लाकूडकापणीच्या कारखान्यातील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या कामाचा वेग यंत्र ठरवीत असे आणि ज्यांना तीच ती हालचाल दिवसभर करावी लागे, त्यांच्या लघवीतील अ‍ॅड्रिनॅलिनचे प्रमाण देखभाल-दुरुस्तीचे काम करणाऱ्यांपेक्षा बरेच अधिक होते आणि पाळी संपत आली तरी ते उतरत नव्हते. कामगार संघटनांनी अशा संशोधनाचा आधार घेतला, आणि स्वीडनच्या १९७७ च्या कार्यपर्यावरण कायद्यात माणसाने कामाशी नव्हे, तर कामाने माणसाशी जुळवून घ्यावे, हे तत्त्व आले. ह्याच फ्रांकेनहॉयझर ह्यांनी १९८९ साली एका मोटार कारखान्यातील स्त्री आणि पुरुष व्यवस्थापकांची तुलना केली. सायंकाळी काम संपल्यावर पुरुषांचे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन उतरे. स्त्रियांचे मात्र घरी जाताना चढे. घरी तिची दुसरी पाळी सुरू होत होती. पगारी कामाचे तास मोजणाऱ्या चळवळीने ह्या न मोजलेल्या पाळीचीही दखल घेतली पाहिजे.

फडापासून कारखान्यापर्यंत

कष्टकऱ्याला कसला आला ताण, घाम गाळला की झोप लागते, असे म्हणणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. कष्टाने शरीर थकते आणि विसाव्याने ते भरून येते, हे खरेच आहे. परंतु प्रश्न विसाव्याचा आणि ताब्याचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार रोज सकाळी दरवाजाशी उभा राही आणि काम मिळेल की नाही हे त्याला आत घेतले जाईपर्यंत कळत नसे. आज गिरण्या गेल्या, तरी कंत्राटी कामगाराच्या आणि मोबाईलवरील हुकुमानुसार घरोघर सामान पोहोचविणाऱ्या तरुणाच्या रूपाने तो बदली कामगार शिल्लक आहे. त्याचे काम आणि कमाई ठरविणारा मुकादम आता दिसत नाही, एवढाच फरक.

ऊसतोडणी कामगाराची स्थिती तर ताब्याच्या अभावाची परिसीमा आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता बांधलेला असतो. वाहन रात्री-अपरात्री फडावर आले की उठून मोळ्या भराव्या लागतात आणि एक दिवस अंथरुणाला खिळले तर खाड्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली चव्हाट्यावर आला आणि राज्य सरकारने नेमलेल्या समितीने सुमारे ८२ हजार स्त्रियांची माहिती घेतली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. मासिक पाळीमुळे खाडा पडू नये हेही त्यांमागील एक कारण असल्याचे अनेकींनी सांगितले. जेथे गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली, तेथे इस्ट्रोजेन ह्या संप्रेरकाचा मुख्य स्रोतच अकाली बंद झाला. हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका त्यातून वाढतो. काम माणसाशी जुळवून घेत नाही तेव्हा माणसाचे शरीर कापून कामाशी जुळविले जाते, ह्याचा ह्याहून उघड पुरावा कोणता हवा?

ह्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र मंत्रिमंडळाचा सप्टेंबर २०२५ मधील निर्णय पाहिला पाहिजे. कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास त्याने मान्यता दिली. उद्योगांना लवचिकता हवी आणि कामगाराच्या संमतीनेच हे होईल, असे त्याचे समर्थन करण्यात आले. ज्याची नोकरी कंत्राटदाराच्या एका फोनवर अवलंबून आहे त्याची संमती म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. बारा तासांचे काम, जाण्यायेण्याचे दोन-तीन तास आणि घरची कामे ह्यांतून गजर शांत होण्यास किती वेळ उरतो, हा साधा हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना ह्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अंदाजानुसार आठवड्याला ५५ तास वा अधिक काम केल्यामुळे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने २०१६ ह्या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अशा माणसांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. रात्रपाळीचेही तसेच. रात्रीच्या प्रकाशाने मेलॅटोनिन हे निद्रेच्या लयीचे संप्रेरक दबते, कॉर्टिसॉलची लय उलटीपालटी होते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली व पुन्हा २०१९ साली अशा कामाची गणना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली आहे.

मागण्यांच्या यादीत काय हवे

ह्यावर एक आक्षेप येऊ शकतो. शोषण हा राजकीय प्रश्न असताना तो ग्रंथींच्या आणि संप्रेरकांच्या भाषेत मांडला, तर तो डॉक्टरांच्या हवाली होईल आणि कामगार हा लढणारा माणूस न राहता रुग्ण ठरेल. ही भीती अगदीच निराधार नाही. ताणमुक्तीची शिबिरे हेच तर करीत आहेत. परंतु त्यावर उपाय शास्त्राकडे पाठ फिरविणे हा नव्हे. संप्रेरकांनी समाजवाद सिद्ध होत नाही, व्हायचीही गरज नाही. त्यांच्यावरून एवढेच सिद्ध होते की विसावा, स्थैर्य आणि कामावरील ताबा ह्या शरीराच्या गरजा आहेत, चैनीच्या वस्तू नव्हेत.

कामगारांनी हे प्रयोगशाळांच्या आधी ओळखले होते. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळविली, तेव्हा अ‍ॅड्रिनॅलिनही कोणी वेगळे करून दाखविले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरखात्याचे सदस्य असताना १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली. ह्या दोन्ही मागण्या वेतनाच्या नव्हत्या, वेळेवरील हक्काच्या होत्या. त्यानंतरच्या काळात मात्र बऱ्याच संघटनांनी वेळ विकून पैसा घेण्याचा मार्ग पत्करला. रात्रपाळी नको म्हणण्याऐवजी रात्रपाळीचा भत्ता वाढवून घेतला. जादा तास नाकारण्याऐवजी दुप्पट दर मिळाला की समाधान मानले. तुटपुंज्या वेतनात हे समजण्यासारखे आहे. परंतु शरीर भत्ता घेत नाही.

म्हणून पुढील करारांच्या मसुद्यात वेतनाच्या शेजारी काही मागण्या स्पष्ट शब्दांत आल्या पाहिजेत. आठ तासांची मर्यादा ढळता कामा नये. दोन पाळ्यांमध्ये पुरेसे अंतर असावे आणि पाळीचे वेळापत्रक आगाऊ मिळावे. सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा असावी. यंत्राचा वेग आणि कामाचे प्रमाण ठरविताना कामगारांच्या प्रतिनिधींची मान्यता घेणे बंधनकारक व्हावे. नेहमीच्या स्वरूपाच्या कामावर कंत्राटी माणूस ठेवला जाऊ नये. कंत्राटी आणि हंगामी कामगारांसह सर्वांच्या रक्तदाबाची व साखरेची नियमित तपासणी व्हावी आणि तिचे खातेवार आकडे संघटनेच्या हाती यावेत. ऊसतोडणीत खाड्याची कपात बंद व्हावी. अशी तपासणी झाली तर कोणत्या खात्यात आणि कोणत्या पाळीत माणसे लवकर झिजतात हे कामगारांना स्वतः दाखविता येईल, आणि पुढच्या वेळी व्यवस्थापनाने शिबिराचा प्रस्ताव आणला की त्याच्यापुढे पाळीपत्रक ठेवता येईल.